कृष्णनाथबाब टीव्ही लावून देतात

कारापुरात कुणाकडे नवा टीव्ही आला की खोका अंगणात उघडायच्या आत कृष्णनाथबाब गांवसांना सुगावा लागायचा. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्यांची स्कूटर दारात. खिशात पेनड्राइव्ह, काखेत वही आणि चेहऱ्यावर मयताला आलेल्या माणसाचं गांभीर्य. टीव्हीसमोर उभे राहून ते नुसते बघत. घरातली मंडळी कौतुकाच्या आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघत. मग चष्मा काढून, शर्टाच्या टोकानं पुसून, परत लावून ते म्हणत, “विविडार आसा.”

दोनच शब्द, पण असल्या सुरात यायचे की घरधनीण आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना, ते बघून यायची.

विविड म्हणजे दुकानात मांडलेल्या दहा टीव्हींत आपलाच डोळ्यात भरावा म्हणून कंपनीनं केलेला थाट. शेतं पोपटी, आकाश निळंशार आणि माणसं नुकतीच पावडर फासून लग्नाला निघालेली. सगळ्या गावाला हेच आवडायचं आणि कृष्णनाथबाबांना ते पाप वाटायचं. “सिनेमा काडप्यान जो रंग दवरला, तोच आमकां दिसूंक जाय,” हे त्यांचं ब्रीद. सिनेमा काढणाऱ्याची आणि त्यांची ओळख नव्हती, पण त्याच्या वतीनं ते उभ्या गावाशी भांडायला तयार होते. ज्या घरांत जाऊन ते भांडत तिथं सिनेमा फारसा कुणी बघतच नसे. बायका मालिका बघत, पोरं क्रिकेट बघत आणि म्हातारे टीव्ही लावून झोपत.

टीव्ही लावण्याचा विधी असा. आधी खोलीत काळोख. “जनेलां लावा” असा हुकूम सुटला की भर दुपारी खिडक्या बंद व्हायच्या, पडदे नसतील तिथं चादरी टांगल्या जायच्या. स्वयंपाकघरातला दिवा बंद. देवाकडचं निरांजन विझवायला कुणी धजत नसे, म्हणून देव्हाऱ्याचं दार लोटून घेतलं जाई. मग पेनड्राइव्हमधल्या काळ्या, करड्या, पांढऱ्या पट्ट्या पडद्यावर यायच्या आणि कृष्णनाथबाब त्यांच्याकडे तासभर टक लावून बसायचे. झगझगाट खाली, शार्पनेस शून्यावर. हालचाल गुळगुळीत करणारी ती जी काही करामत असते ती बंद, कारण तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो. मालिका बघणाऱ्या बाईला यात काय वाईट आहे ते कळत नसे आणि कृष्णनाथबाब सांगत बसत नसत. शेवटी रंग थंडावरून उबदारावर आणायचा, की पांढऱ्यातली निळाई जाऊन खरा पांढरा उरतो. सगळे आकडे वहीत उतरले की ते मागं सरकून बसत आणि म्हणत, “आतां पळयात.”

घरची माणसं बघत. पडद्यावरचे लोक तीन दिवस तापानं आजारी असल्यासारखे दिसत.

“कृष्णनाथबाब, काळोख दिसता मरे,” कुणीतरी भीतभीत म्हणायचं.

“काळोखच तो. पूण काडप्याचो काळोख.”

चहा यायचा, उंडो पाव आणि भाजी यायची. कृष्णनाथबाब खाऊन उठायचे आणि कपाळावरचा घाम पुसत, एक घर मार्गाला लावलं या समाधानात निघून जायचे. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. उपकार करणाऱ्या माणसाला पैसे घ्यायचे नसतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा डोळा त्यांना मिळाला तो सुर्ल्याच्या खाणीवर. तिथल्या लॅबमध्ये ते तेहतीस वर्षं होते. हुद्दा साधाच, नमुने आणायचे, वाळवायचे, चाळायचे. पण खनिजाचा चुरा तळहातावर घेऊन, उन्हात जरा तिरपा धरून ते सांगत, “अठ्ठावन.” म्हणजे शंभर भागांत अठ्ठावन भाग लोखंड. दोन तासांनी केमिस्टची चाचणी यायची आणि ती सत्तावन ते एकोणसाठच्या मध्ये कुठंतरी असायची. एकदा यंत्रानं छप्पन सांगितलं, कृष्णनाथबाबांनी अठ्ठावन सांगितलं, आणि फेरतपासणीत अठ्ठावन निघालं. ही गोष्ट त्यांनी कारापूर, साखळी आणि डिचोली मिळून किती घरांत सांगितली असेल याचा अंदाज करवत नाही. घरागणिक त्यांना शाबासकी देणाऱ्या साहेबांचा हुद्दा वाढत जायचा. आमच्या कानावर आली तेव्हा जपानहून आलेला खरेदीदार त्यांच्यापुढं कमरेत वाकला होता.

खाणी बंद पडल्या तेव्हा कुणाचे ट्रक उभे राहिले, कुणाच्या खनिज वाहणाऱ्या बार्जी. कृष्णनाथबाबांचा डोळा उभा राहिला. पहिली दोन वर्षं त्यांनी तो घरातच चालवला. वरणात हळद चार टक्के जास्त आहे, भिंतीचा चुना एका कोपऱ्यात दोन टक्के मळका आहे, असं ते रोज सांगू लागले. त्यांची बायको सुमंगला ही सोसणारी बाई, पण तिलाही मर्यादा होत्या. मग मुलगी तनया पणजीला बँकेत लागली आणि तिनं घरी मोठा टीव्ही आणला. कृष्णनाथबाबांनी तो उघडला, इंटरनेटवर कुणा गोऱ्या माणसाला टीव्हीचे रंग लावताना बघितलं, आणि आपला जन्म कशासाठी झाला हे त्यांना कळून चुकलं. वरणातली हळद त्या दिवसापासून बरोबर झाली. सुमंगलानं सुटकेचा श्वास टाकला आणि नवरा गावाच्या स्वाधीन केला.

गावानंही त्यांना घेतलं. कुरकुर झाली ती एकाच घरी. गौरेशच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला पाहुणे जमणार होते, म्हणून त्याची आई शांताबाय हिनं आदल्या दिवशी कृष्णनाथबाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. विधी झाला, व्हिडिओ लागला.

“सून सांवळी दिसता,” शांताबाय म्हणाली.

“सांवळीच आसा ती,” कृष्णनाथबाब म्हणाले.

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ती तशीच आत वळली आणि चहाही तिच्याबरोबर आत गेला. खरं बोलल्याबद्दल आपल्याला उपाशी पाठवलं, असं कृष्णनाथबाब पुढं कित्येक दिवस सांगत राहिले. सुनेला काय वाटलं असेल हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांच्या दृष्टीनं सून हा रंगाचा नमुना होता आणि नमुना बरोबर आला होता.

डिचोलीला इलेक्ट्रिशियनचं काम करणारा त्यांचा शेजारी सर्वेश एकदा म्हणाला, “बाब, रंग मेजपाचें यंत्र मेळटा आतां. पडद्यार लायलें की सांगता.”

“यंत्रान छप्पन सांगिल्लें,” कृष्णनाथबाब म्हणाले. विषय तिथंच मिटला.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र एक विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात येऊ लागली. नवे टीव्ही पिवळे येत होते. उबदार रंगावर लावला की पांढरी पट्टी गाईच्या तुपासारखी दिसायची. मग ते निळा थोडा वाढवत, तांबडा थोडा कमी करत. काही महिन्यांनी तेवढंही पुरेना. त्यांनी वहीतले जुने आकडे काढून बघितले आणि निष्कर्ष काढला, की कंपन्या काचेत भेसळ करायला लागल्या आहेत. एका कंपनीला त्यांनी पत्रही लिहिलं. पुढं त्यांना असंही दिसलं की भेसळ फक्त टीव्हीत नाही. साबणात आहे, म्हणून शर्ट पिवळे निघतात. दुधात आहे. ट्यूबलाइटमध्ये आहे. चुन्यात तर आहेच आहे. सुमंगलाला त्यांनी शर्टांना नीळ जास्त घालायला सांगितली. तिनं घातली. “आनी घाल,” ते म्हणाले. तिनं आणखी घातली. उजाल्याची बाटली आठवड्यात संपू लागली आणि कृष्णनाथबाब आकाशी शर्ट घालून गावभर पांढऱ्या रंगाची शुद्धता समजावू लागले.

सगळ्या जगात भेसळ झाली हे त्यांना पटलं. आपल्या डोळ्यात काही झालं असेल ही शंका त्यांना शिवली नाही, आणि ती का शिवली नाही हे समजायला फार हुशारी लागत नाही. खाण गेली होती, पगार गेला होता, साहेबांचं बोलावणं गेलं होतं. तो डोळाही गेला तर स्कूटरवर बसून कुठं जायचं?

गोष्ट उघडी पडली ती चवथीला.

गांवसांच्या घरचा गणपती अंगानं पांढरा. ही त्यांची पिढ्यांची रीत. श्रावणात सगुण चिताऱ्याकडे पाट पोचता करायचा, आणि रंगाच्या दिवशी घरच्या कर्त्यानं समोर बसून पांढरा कालवून घ्यायचा. कृष्णनाथबाब या कामाला कधी चुकले नाहीत. यंदाही ते चित्रशाळेत सगुणासमोर स्टूल टाकून बसले. सगुणानं पांढरा कालवला.

“पिवळो,” कृष्णनाथबाब म्हणाले.

सगुणानं डब्यात वाकून बघितलं, कृष्णनाथबाबांकडे बघितलं आणि चिमूटभर निळा टाकला.

“अजून पिवळो.”

सगुणानं आणखी टाकला. त्याच्या मागं ऐंशी गणपती अर्धे रंगवून बसले होते, पाऊस थांबत नव्हता, रंग सुकत नव्हता आणि समोर सबंध तालुक्यात डोळ्यासाठी नाव असलेला माणूस बसला होता. चौथ्या चिमटीला कृष्णनाथबाब समाधानानं म्हणाले, “आतां जालो.” सगुणानं मान खाली घातली आणि ब्रश बुडवला.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती रुमालाखाली झाकून घरी आली. सकाळी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळं घर जमलं. भाऊ, भावजया, पुतणे, नटूनथटून आलेल्या सुना. भटजींनी रुमाल काढला. भावांनी हात जोडले ते तसेच राहिले. भटजी वाकून नीट बघून म्हणाले, “यजमान, गणपती हाडला मूं? की कृष्ण हाडलो?”

पुतण्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं आणि त्याला त्याच्या आईनं चिमटा काढला.

“पांढरो आसा,” कृष्णनाथबाब म्हणाले.

“बाबा,” तनया म्हणाली, “निळो आसा.”

“पांढरो आसा!”

सुमंगला आत गेली आणि पूजेच्या तांदळांचं ताट घेऊन आली. ते तिनं मूर्तीच्या गुडघ्याशी धरलं. “हे तांदूळ आनी हो गणपती. दोगांचो रंग सांगात.”

कृष्णनाथबाबांनी चष्मा पुसला. सगळ्यांसमोर त्यांनी मान तिरपी केली, तळहातावर चुरा धरल्यासारखी. “गणपती पांढरो,” ते म्हणाले. “तांदूळ मात्शे पिवळे. तांदूळ जुने आसात.”

“तांदूळ पयर हाडल्यात,” सुमंगला म्हणाली. “जुने तुमचे दोळे.”

चौतीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत नवऱ्याला टाकून बोललेलं हे पहिलंच वाक्य. शर्टांना नीळ घालताना, दर सोमवारी ते निळं पाणी मोरीत ओतताना ते तिच्या तोंडाशी येत असणार. कृष्णनाथबाब पाटाशेजारी उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना एकाही चेहऱ्यावर संशय दिसला नाही. सगळ्यांना गणपती निळा दिसत होता. भटजींनी गडबडीनं मंत्र सुरू केले, आणि पूजा झाली.

पाचव्या दिवशी गणपती बोळवला आणि सहाव्या दिवशी तनयानं त्यांना म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी उजेड टाकून बघितलं. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलाय. तपकिरी झालाय अगदी. सगळं पिवळं दिसत असेल ना? कधीपासून?”

कृष्णनाथबाबांनी त्यांना काचेतल्या भेसळीबद्दल सांगितलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तारीख दिली. एक डोळा झाला, महिनाभर काळ्या चष्म्यात घरात बसल्यावर दुसरा झाला. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघून घरी आल्यावर ते परसात खुर्ची टाकून बसले. आकाशाकडे बघितलं, माडाच्या झावळ्यांकडे बघितलं. मग त्यांचं लक्ष दोरीवर गेलं. तिथं सात निळे शर्ट वाळत होते.

“हे कोणाचे गो?”

“तुमचेच,” सुमंगला म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या दुपारी ते जेवले नाहीत. वही उघडून बसले. दोन वर्षांत त्यांनी सत्तावीस घरांत टीव्ही लावले होते आणि सत्तावीसही निळे लावले होते. सत्तावीस घरं आपल्यावर विश्वास ठेवून मेलेल्या माणसांचे चेहरे बघत बसली आहेत, या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्या लाजेत थोडा अभिमानही होता. एवढं मोठं नुकसान करायला माणूस मोठाच असावा लागतो. दुसऱ्या दिवशी ते प्रायश्चित्ताला निघाले.

पहिलं घर शांताबायचं, तिथला नवा टीव्ही त्यांनी गेल्या वर्षी लावला होता. टीव्ही चालूच होता आणि विविडवर होता. सून पडद्यावर असती तर बर्फासारखी गोरी दिसली असती. “भुरग्यांनी कितें तरी दामलें आसतलें,” शांताबाय म्हणाली. लगेच चहा टाकायला गेली. दुसऱ्या घरी विविड. तिसऱ्या घरी विविड. तिसऱ्या घरातही पोरांनीच काहीतरी दाबलं होतं, आणि त्या घरात पोरं नव्हती. अकराव्या घरापर्यंत कृष्णनाथबाबांनी वही उघडणं सोडून दिलं होतं. बारावं घर सर्वेशचं.

“खरें सांग,” ते दारातच म्हणाले.

सर्वेशनं त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग मोबाइल पुढं केला. गावाच्या ग्रुपवर तीन वर्षांपूर्वीचा त्याचाच मेसेज होता. मथळा, “कृष्णनाथबाब येऊन गेल्यावर.” खाली पायऱ्या. सेटिंग्ज, पिक्चर, रिसेट, हो. आणि त्याखाली एक सूचना: स्कूटर तिठ्यावरून वळल्याशिवाय दाबू नये, आवाज ऐकून माणूस परत येतो. मेसेजखाली हात जोडल्याची रांग होती. त्यांचे दोन सख्खे भाऊ त्या रांगेत होते.

“म्हणजे निळो खंयच ना?” कृष्णनाथबाबांनी विचारलं.

“खंयच ना, बाब. तुमचो पिवळोय केन्ना उरलो ना.”

“मागीर आपयताले कित्याक माका?”

मग दर वेळी बोलावलं कशाला, याचं उत्तर देताना सर्वेशनं मान खाजवली. तो वाईट माणूस नव्हता. “खाण बंद पडली न्ही, बाब,” तो म्हणाला. “तुमी घरांत बसून पिशे जातले अशें आमकां दिसलें. एक घंटो चादर बांदून काळोखात बसलें म्हणून आमचें कितें वता?”

कृष्णनाथबाबांनी पाणी संपवलं. पेला मेजावर ठेवला. इतकी वर्षं आपण गावाला दृष्टी देत होतो आणि गाव आपल्याला भीक घालत होतं, हे समजायला त्यांना नवे डोळेही लागले नाहीत. हसले असते, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. दया केली, आणि तीही सगळ्यांनी मिळून, पायऱ्या लिहून. उरलेल्या घरांची यादी त्यांनी फाडून खिशात कोंबली.

एकच घर त्या ग्रुपवर नव्हतं. हळर्णला त्यांची थोरली बहीण तारा एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा जहाजावर. मुलानं पाठवलेला टीव्ही दोन वर्षांपूर्वी कृष्णनाथबाबांनीच लावला होता. सख्खी बहीण म्हणून तासाच्या जागी तीन तास बसून, फार मन लावून. म्हणजे सगळ्यांत निळा तोच असणार. पण गाव तसं तारा, असं मनाशी म्हणत ते निघाले. विविड दिसला असता तर त्यांनी चहा घेऊन परत स्कूटरला किक मारली असती. आता अपमानाचं नावीन्य राहिलं नव्हतं.

टीव्हीवर विणलेलं कापड घातलेलं होतं आणि त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली होती.

“पळयना तूं?” त्यांनी विचारलं.

“दोळे गेले न्ही म्हजे,” तारा म्हणाली. ती ओसरीत बसून अबोली ओवत होती. सुईत दोरा ओवला होता तोही तिनं स्वतःच. “टीव्हीर मनशां निळीं दिसतात. मड्यां कशीं. दनपारां एक पोरणो सिनेमा पळयतालें, तोय सोडलो. भंय दिसता.”

“दोतोराक दाखयले?”

“दाखयले. तो म्हणटा, आजये, तुजे दोळे बरे आसात, टीव्ही पिड्डार जाला.” तिनं फुलं बाजूला सारली. “दोतोराक कितें कळटा? हांवें ताका सांगलें, टीव्ही म्हज्या भावान लायला. म्हज्या भावाचो दोळो खाणीर यंत्राक हारयतालो. ताणें लायिल्लें चुकचें ना, चुकले जाल्यार म्हजे दोळे चुकतले.”

डोळे बरे व्हावेत म्हणून तिनं सोमवार धरले होते. दोन वर्षं, एकही न चुकता, एका वेळच्या जेवणावर.

कृष्णनाथबाब ओसरीच्या पायरीवर बसले. सबंध आयुष्यात ज्यानं त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला असं एकच माणूस निघालं आणि त्या माणसाला त्यांनी धडधाकट डोळ्यांनिशी आंधळं करून ठेवलं होतं. मनात एक सोपी वाट आली. टीव्ही गुपचूप नीट करायचा, आणि सोमवार फळले म्हणायचं. तारानं आनंदानं मान्य केलं असतं. देवाला नारळही दिला असता. ते आत गेले, कापड काढलं, वायर लावली, पडदा उजळला. इतका निळा पडदा त्यांनी या डोळ्यांनी प्रथमच बघितला आणि त्यांना तो बघवेना. ते परत ओसरीत आले.

“तारा, तुजे दोळे बरे आसात,” ते म्हणाले. “मोतीबिंदू म्हज्या दोळ्यांत जाल्लो. टीव्ही हांवें निळो लायला. चुकलें म्हजें.”

हा शब्द त्यांच्या तोंडून केमिस्टनं ऐकला नव्हता, बायकोनं ऐकला नव्हता, चवथीच्या पाटावरच्या गणपतीनंही ऐकला नव्हता. आपण मोठं काही केलं असं त्यांना वाटलं. बहीण डोळ्यांना पदर लावील, “तूं खरें सांगलें तें पावलें” म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

तारानं अबोलीचं ताट जमिनीवर आपटलं.

“दोन वर्सां!” ती ओरडली. “दोन वर्सां हांव सोमार धरतां, कृष्णा! रात्री उपाशी न्हिदतां! त्या दोतोराक हांवें पिसो म्हटलो, भरल्या दवाखान्यांत! दनपार जाली की भिंतीकडेन तोंड करून बसतां हांव. चुकलें म्हणटा? चल, उठ. नीट कर तो.”

कृष्णनाथबाब उठले. खिडक्या लावा म्हणायची त्यांची छाती झाली नाही. भर उजेडात, नव्या डोळ्यांनी, पट्ट्या न लावता त्यांनी टीव्ही लावला. आणि काय सांगावं, तो बरोबर लागला. पांढरा पांढरा होता, काळा काळा होता, आणि जुन्या सिनेमातली बाई खिडकीत उभी होती तिच्या गालावर खरा संध्याकाळचा उजेड होता. आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर काही लावलं नव्हतं.

“पिवळी दिसता ती,” तारा म्हणाली.

“तारा, हो खरो रंग. सिनेमा काडप्यान…”

“टीव्ही कोणाचो?”

“तुजो.”

“मागीर? गोरी कर तिका.”

त्यांनी रिमोट उचलला आणि विविड लावला. संध्याकाळ गेली, बाईच्या गालांवर पावडर चढली, आकाश निळंशार झालं. तारा पुढं सरकून डोळे बारीक करून बघत होती. तिचा राग अजून गेला नव्हता.

“ओंठ तांबडे कर. आनी. आनी इल्ले.”

कृष्णनाथबाबांनी बटण दाबलं.